नारळ, यंत्र आणि माझं पार्किंग

जगाचं वाटोळं नेमकं कशामुळे होतंय, याचा निकाल ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी चहाच्या आधी लागतो. बाकाच्या एका टोकाला माझे बाबा, पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. दुसऱ्या टोकाला माझे सासरे, बँकेतून निवृत्त होऊन थेट परमेश्वराच्या सेवेत रुजू झालेले. दोघांनी एकाच इमारतीत राहावं, ही माझ्या बायकोची कल्पना. तिला वाटलं, सोबत होईल. झाली.

हिमालयातला बर्फ वितळला की बाबा म्हणत, "कार्बन." सासरे म्हणत, "पाप." परदेशात जंगल पेटलं, कार्बन-पाप. वांगी महागली, तरी कार्बन-पाप. हे चालू असताना गच्चीवरची टाकी भरून धो धो वाहत असे, आणि दोघे विद्वान पायजमे वर खोचून बाक जरा पलीकडे ओढून घेत. उठून पंप बंद करावा, हे पोथीतही नव्हतं आणि पाठ्यपुस्तकातही नव्हतं.

मग यंदाच्या एप्रिलात आमची बोअरवेल आटली. सोसायटीने ठरवलं, नवी मारायची. एकच, दुसरी मारायची ऐपत नाही. जबाबदारी माझ्यावर आली, कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होतो.

मला एकच चिंता होती. पृथ्वीला कुठेही भोक पाडा, माझं पार्किंग सोडून. कंपाउंडच्या भिंतीलगतची ती उघडी जागा. लग्नासाठी जितकी वाट पाहिली नाही, तितकी मी त्या जागेसाठी पाहिली होती. गाडी सर्व्हिसिंगला गेली तरी रविवारी खाली जाऊन मी नुसता त्या पिवळ्या पट्ट्यांकडे बघत उभा राहायचो.

सासऱ्यांनी मुरबाडकडचा एक पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो चालू लागला. मागे सगळी सोसायटी. बागेच्या कोपऱ्यात बाबांनी स्वतः उभारलेलं पर्जन्यमापक आहे, भोवती कुंपण घालून. तिथे पोचताच नारळ असा ताठ उभा राहिला, की राष्ट्रगीत सुरू झालं समजून वॉचमनही उभा राहिला.

बाबांनी लगेच भूगर्भतज्ज्ञ बोलावला. त्याने जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी पसरल्या, लॅपटॉपवर रंगीबेरंगी नकाशा काढला. सगळ्यात निळा ठिपका आला तो गेटजवळच्या गणपतीच्या देवळाखाली. देऊळ सासऱ्यांनी वर्गणी गोळा करून बांधलेलं.

आणि मग जे ऐकलं, ते ऐकायला देवाने, किंवा उत्क्रांतीने, मला कान दिले याचं सार्थक झालं.

"यंत्राचं रीडिंग एकदाच घेऊन कसं चालेल?" सासरे कडाडले. "देवळाच्या पायात सळ्या आहेत. त्याने वीज फिरते! प्रयोग पुन्हा करा, व्याही. तुम्हीच सांगता ना, पडताळा, पडताळा?"

"आणि तुमचा नारळ?" बाबा म्हणाले. "ही जागा मी इतकी वर्षं जपली. रोज सकाळी अंघोळ करून मी इथे येतो. काही ठिकाणांचं पावित्र्य असतं हो!"

पावित्र्य! हा शब्द बाबांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आजीच्या तेराव्यालाही निघाला नव्हता.

बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. दोघे एकमेकांना तर्काने आणि श्रद्धेने, पण उलट्या बाजूंनी, झोडपत होते. तेवढ्यात माझी बायको बादली घेऊन आली.

"पप्पा, बाबा, मला उद्या डोक्यावरून अंघोळ करायचीय," ती म्हणाली. "आणि देऊळ अन् ते मापक, दोन्हीच्या बरोबर मध्ये ह्याचं पार्किंग आहे."

"अगं ए!" मी ओरडलो.

पण उशीर झाला होता. दोन्ही म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी ज्ञानप्रकाश पडला. पाणाड्याने माझ्या बॉनेटसमोर नारळ धरला. नारळ थोडे आढेवेढे घेऊन उठला. तज्ज्ञाने लॅपटॉप तिरका करून पाहिला आणि म्हणाला, "इथेही शक्यता नाकारता येत नाही." धर्म आणि विज्ञान यांचं मानवजातीच्या इतिहासात पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत झालं.

"गाडी काढ," दोघे एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोअर सुरू झाली. हादऱ्यांनी आमच्या कपाटातली भांडी आपोआप घासली गेली. दगडाची भुकटी एवढी उडाली, की विठ्ठलवाडीपर्यंत लोकांनी धुकं समजून स्वेटर बाहेर काढले. बोअरवाले खाली खाली गेले, पाताळातल्या कोणाच्या तरी छताला भोक पडलं असावं. पाणी? थेंब नाही. नुसती पांढरी धूळ.

"हवामानबदल," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "शिवाय ह्याने जागा बदलायला लावली."

"मी?"

"मुहूर्ताचा नारळ फोडताना पायात चप्पल होती तुझ्या," सासरे म्हणाले. "आणि सकाळी आम्लेट खाल्लंस. वास आला मला."

"निष्काळजी आहे, लहानपणापासून," बाबांनी दुजोरा दिला. सासऱ्यांनी त्यांचा हात हातात घेतला. व्याह्यांमधलं असं प्रेम मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आठवडाभर थांबून मी विचारलं, भोकावर झाकण बसवतो, गाडी पुन्हा लावू का?

"पागल आहेस का?" बाबा म्हणाले. "भूजलाची पातळी पावसाळ्यात तपासायची आहे. ही आता निरीक्षणाची जागा आहे." त्यांनी पाइपाला दोरी बांधून मोजमापाची सोय केली होती.

सासऱ्यांनी त्याच पाइपाला हळद-कुंकू लावून वर जास्वंद ठेवली होती. "भूमीला जखम केलीय आपण," ते म्हणाले. "तिच्यावर चाक नाही घालायचं, जावईबापू."

आता बाक तिथेच हलवलाय. पाणी टँकरचं येतं. मी गाडी बाहेर कचराकुंडीपाशी लावतो. तिच्यावर कावळे बसतात. परवा मी चिडून म्हणालो, पार्किंग गेलं ते कार्बनमुळे की पापामुळे, तेवढं तरी सांगा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि, खरं सांगतो, बोअर मारल्यापासून बंद पडलेलं त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं.