समोर बसलेल्या माणसाकडे

नव्वदचं दशक संपायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा मुंबईच्या कचेरीतून फोन आला. मी रोह्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. देशापुढची आव्हानं आणि आशा, सामान्य माणसाच्या तोंडून, संध्याकाळपर्यंत फॅक्स करा, अशी मागणी होती. फोन ठेवल्याठेवल्या मी पहिली दोन पानं लिहून काढली. पुन्हा पुन्हा झालेल्या निवडणुका, अणुचाचणी, कारगिल, ओरिसाचं वादळ, एकतीस तारखेला संगणक बंद पडणार ही धास्ती. सगळं बरोबर होतं, फक्त त्यात माणूस नव्हता.

तो शोधायला मी पेणजवळच्या जोह्याला गेलो. रोह्याजवळच्या वरसे गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी तिथल्या गणपतीचा कारखाना असलेल्या एका घरात दिली होती. रोह्याहून पेण, पेणहून जोहे, अशा दोन एसट्या बदलून पोचलो तर कारखान्यात गणपती पाटापाटांवर उभे होते आणि एकालाही डोळे नव्हते.

या परदेशी जाणाऱ्या मूर्ती. बोटीनं जातात म्हणून लवकर रंगवाव्या लागतात. अंगाचा रंग, सोवळं, दागिने सगळं झालं होतं. राहिली होती आखणी, म्हणजे डोळे काढणं. ते काम त्या घरात एकट्या तिच्या सासऱ्यांचं, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पेणच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला आणखी उशीर नको, असं बजावलं होतं. माल गेल्याशिवाय ते जायला तयार नव्हते, आणि आखणीशिवाय माल जाणार नव्हता. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, कंपनीत शिफ्टला जायचा, त्यानं ब्रश कधी धरलाच नव्हता.

मी म्हाताऱ्यांना प्रश्न विचारला. देशापुढं आव्हान काय?

"देशाचं काय इचारता? मला तुमचं नाक दिसत नाय," ते म्हणाले.

"हायच केवढंसं ते," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी सांगते, लिवा. देशात सगळ्यांना सगळं दिसतंय, पन आपलंच खरं म्हनून कुनी डॉक्टरकडं जात नाय."

मी ते लिहून घेतलं. संगणकांचंही विचारलं. "पडू दे की बंद. आमचा ब्रश चालू हाय," असं उत्तर त्यांच्याकडूनच मिळालं.

सून पाठमोरी बसून एका मुकुटाच्या सोनेरीवर शेवटचा हात फिरवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "दादा, मी डोळे काढते म्हटलं तर बाबा नाय म्हणतात. तेवढं लिहा."

"भात लावनारी तू. आखनी म्हंजे भाताचं आवन लावनं हाय व्हय गो?"

"लग्नाला दहा वर्षं झाली, बाबा. अजून भातच लावते काय?"

मग म्हातारे म्हणाले, "एक काड. एकच."

तिनं टेबलावरची मूर्ती निवडली, ब्रशाला नमस्कार केला आणि श्वास धरून दोन डोळे काढले. सासऱ्यांना ते दिसणार नव्हते. त्यांनी मला मूर्तीपुढं जमिनीवर मांडी घालायला लावली.

"तुमी पेपरवाले. खरं सांगा. बघतो का तुमच्याकडं?"

मी नीट पाहिलं. डोळे सुरेख होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्या डोक्यावरून बघतोय," मी म्हणालो. "मागच्या दाराकडं."

सुनेचा चेहरा उतरला. म्हातारे मात्र हसायला लागले.

"उभी राहून काडलंस व्हय?"

"व्हय."

"तू उभी, तर तो उभ्या मानसाकडं बघनार. देवापुढं मानूस बसतो गो. बुबुळ जरा खाली घे. माझा पयला गनपती शेजारनीच्या अंगनात बघत होता."

"अजून बघतो," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं ओल्या फडक्यानं मूर्तीचे डोळे पुसले, पांढरा मारला, तो वाळेपर्यंत चहा झाला. माझी दोन पानं मी तेवढ्यात पुन्हा वाचली. तीही उभ्यानं लिहिलेली होती, वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारी. ती मी घडी करून खिशात ठेवली आणि सासूबाईंच्या वाक्यापासून नवी सुरुवात केली.

या वेळी सून आधी माझ्या जागी जमिनीवर बसली, मूर्तीकडे बराच वेळ वर बघत राहिली, आणि मगच उठून तिनं ब्रश धरला.

मला पुन्हा बसवण्यात आलं. मी थोडा डावीकडे सरकलो, थोडा उजवीकडे.

"काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बघतोय."

"नक्की?"

"माझ्याकडंच."

म्हाताऱ्यांनी हाताशी धरलेला आपला बारीक ब्रश तिच्या दिशेनं पुढे केला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "उद्या पेनची पयली गाडी कितीला हाय?"

"दादा, हे छापू नका," सून ब्रश घेत म्हणाली. "डोळे बरे झाले की पहिली माझीच चूक शोधतील."

"शोधनारच," म्हातारे म्हणाले. "त्यासाठीच तर चाललोय."