वैनी, पानं गळायला लागल्यात

रामनगरात बस स्टँडच्या मागं माझी छोटी नर्सरी आहे. काढली तेव्हा वाटलं होतं, आपण रोपं विकू. प्रत्यक्षात निम्मा दिवस मी लोकांच्या तक्रारी ऐकते आणि उरलेला निम्मा त्या नवऱ्याला सांगून हसते. सगळ्यात जास्त तक्रारी सक्युलंटच्या, म्हणजे त्या जाड, गुबगुबीत पानांच्या बुटक्या झाडांच्या. बाकीची झाडं गुपचूप मरतात. ही मात्र एकेक पान टाकत, मालकाच्या जिवाला घोर लावत जातात. त्यामुळं किस्सेही त्यांचेच साठतात.

*

आमच्या बाजारातल्या एका कापडवाल्यानं कुंडी दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कपाटावर ठेवली होती. उजेड शोधत झाड काठीसारखं लांब झालं आणि खालची पानं टाकून बसलं. मी उन्हात ठेवा म्हटलं, तर त्यालाच वाईट वाटलं.

"वाढ झकास हाय की वैनी. फक्त पानं न्हाईत."

*

गणेशगुडीच्या एका लॉजच्या मॅनेजरचा सारखा फोन यायचा. रिसेप्शनच्या टेबलावरच्या कुंडीची पानं गळतात म्हणे. पाण्याचं विचारलं, बरोबर होतं. उजेडाचं विचारलं, खिडकीतून भरपूर. शेवटी स्वतःच गेले आणि कोपऱ्यात चहा घेत बसले. राफ्टिंगहून आलेली ओलीचिंब मंडळी किल्ली घ्यायला यायची आणि जाता जाता प्रत्येक जण एक पान चिमटीत दाबून बघायचा, खरं आहे की प्लास्टिकचं! रोग सापडला. मी म्हटलं, ही कुंडी आत न्या आणि इथं सरळ प्लास्टिकचं झाड ठेवा. त्यानं ठेवलं. काही आठवड्यांनी परत फोन.

"वैनी, ह्याची बी पानं गळायला लागल्यात."

*

अणशी गावच्या शेवंताक्काची गोष्ट वेगळी. तिची एकुलती एक रेणुका नर्सिंग शिकायला बेळगावला गेली. पोर पहिल्यांदाच घराबाहेर. जाताना तिनं माझ्याकडून नेलेल्या कुंडीतली दोन रोपं वेगळी केली, एक आईला दिलं, एक स्वतःबरोबर नेलं. रविवारी रेंजसाठी शेवंताक्का देवळामागचा चढ चढायची, हातात कुंडी. व्हिडिओ कॉल लागला की दोघी आधी एकमेकींना झाड दाखवायच्या, मग जेवलीस का ते विचारायच्या.

पावसाच्या तोंडावर अक्का ती कुंडी मांडीवर घेऊन बसनं माझ्याकडं आली. पानं पिवळी, आरपार दिसणारी, हात लावला की गळत होती. दाबलं तर नुसतं पाणी. पाणी जास्त होतंय म्हटल्यावर ती चिडलीच. "एक तांब्याच घालती न्हवं, सकाळी तुळशीला घालताना."

खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिच्यानंतर सासरे तोंड धुऊन तांब्यात उरलेलं तिथंच ओतायचे, आणि संध्याकाळी रानातून आलेला नवरा लेकीच्या झाडाला पाजल्याशिवाय घरात पाऊल टाकत नव्हता. तिघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. मला हसावं की डोळे पुसावेत कळेना.

सडलेली मुळं कापून चांगला शेंडा मी ठेवून घेतला. सावलीत सुकवला, जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्यात लावला आणि बसच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला. सोबत निरोप दिला, आता अगदी कोरडं ठेवायचं. तोवर दर रविवारी अक्का लेकीला सांगायची, व्हिडिओला रेंज न्हाई, नुसतं बोल.

*

आता अणशीत भर पावसाळ्यात कोरडी जागा एकच. चुलीवर टांगलेली बांबूची ताटी, जिच्यावर मिरच्या, बियाणं आणि सुकी मासळी ठेवतात. अक्कानं झाड तिथं ठेवलं.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा पिशवीतून कुंडी निघायच्या आधी सुक्या बांगड्याचा वास निघाला. झाड काळं पडून करपलं होतं. "कोरडं ठेवलं की," ती म्हणाली. मला आलेलं हसू मी गिळलं.

"तिथं एकटी हाय ती. झाड मेलं म्हणून कसं सांगू? मनाला लावून घ्यायची."

मी त्याच जातीचं, तेवढंच एक झाड ट्रेमधून काढलं. त्याच्या कुंडीचा काठ एका बाजूनं फुटका होता, पण अक्काला कुंडीशी देणंघेणं नव्हतं. ती हसत बसमध्ये चढली आणि मलाही दिवसभर बरं वाटलं.

*

पाऊस ओसरला आणि रेणुका सुट्टीला निघाली. रामनगरात बस बदलायची म्हणून मधल्या वेळात माझ्याकडं आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, तसलं झाड आहे का. तिचं झाड हॉस्टेलात कधीच पानं गाळून गेलं होतं. तेव्हापासून रविवारी ती मैत्रिणीचं झाड दाखवत होती. आणि आता आईनं सांगितलं होतं, येताना घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

"आईला न्हाई हं सांगायचं, काकी. तिला वाटंल, पोरगी तिथं धड ऱ्हात न्हाई."

नाही सांगत म्हटलं. झाड नेमकं केवढं हवं ते दाखवायला तिनं मोबाईलवर मागच्या रविवारच्या कॉलचा फोटो उघडला. शेवंताक्का पदर सावरून हसत होती आणि तिच्या हातात फुटक्या काठाची कुंडी होती.

"हे बघा आईचं, कसं टवटवीत हाय. तिच्या हातालाच गुण हाय."

मी चष्मा पुसून फोटो नीट बघितला.

"व्हय," म्हटलं, "गुण तर हायच." आणि त्याच ट्रेमधलं शेजारचं झाड काढून तिच्या हातात दिलं.