कुशाआत्यांनी बदललेलं पाणी

वडगाव रासाईत मुलींनी भीमेच्या डोहात पोहायची रीत कुशाबाईंनी पाडली. आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणायचो. घर धनगराचं. लहानपणी मेंढरं धुवायला बापाबरोबर नदीत उतरता उतरता त्या पोहायला शिकल्या. पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण पाण्याची ओढ राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून त्या आम्हाला डोहात सोडायच्या आणि स्वतः लुगड्याचा काचा मारून शेजारी पोहत राहायच्या. मुलींना कशाला पाण्यात घालता, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पाणी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतं व्हय?"

१९९९च्या उन्हाळ्यात मला ताप भरला तो उतरेना. दौंडच्या दवाखान्यात रक्त तपासलं, टायफॉईड निघाला आणि मला तिथंच ठेवून घेतलं. डोहात पोहणाऱ्या आणखी दोघींना हगवण लागली, वरच्या आळीतल्या नकुशीचा कान वाहायला लागला. आत्या रोज माझ्या खाटेशी येऊन बसायच्या. उपकेंद्रातल्या सुषमा सिस्टरांनी त्यांना सांगितलं, की अख्खं गाव हापशाचं पाणी पितं आणि आजारी पडल्या त्या फक्त पोहणाऱ्या. वरच्या शहरांचं सांडपाणी नदीत येतं, त्यात विष्ठेतले जंतू असतात, आणि पोहताना चार घोट पोटात जातातच.

आत्यांना ते पटेना. जंतू दाखवा म्हणाल्या. सिस्टरांकडं पाणी तपासायच्या बाटल्या होत्या, आत औषध लावलेल्या; जंतू असले की पाणी काळं पडायचं. एक हापशावर भरली, एक डोहात. दुसऱ्या दिवशी हापशाची बाटली होती तशीच होती. डोहाची शाईसारखी काळी झाली होती. आत्यांनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "म्हंजी पोरींना म्याच ह्यात घातलं."

तुम्हाला कसं कळणार होतं, असं सिस्टर म्हणाल्या. पण आत्या तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेली ही बाई उठली आणि यापुढं डोहात कुणी पोरं घालू नका म्हणाली. लोक चिडले. नदीला नावं ठेवता का, असं एकानं विचारलं. आत्यांनी काळी बाटली समोर ठेवली.

"नदीला न्हाई. तिच्यात घाण सोडणाऱ्यांला नावं ठेवते."

बाटली हातोहात फिरली. त्यानंतर डोहात कुणी पोर घातलं नाही.

आता पोहणं संपलं असं आम्हाला वाटलं. पण मी बरी होऊन घरी आले तोच आत्या आमच्या दारात. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सरकारी योजनेतून विहीर खोदली होती, पण वरच्या आळीतलं कुणी तिच्या पायऱ्या उतरलेलं नव्हतं. आत्यांनी सिस्टरांकडून तिचं पाणी तपासून घेतलं होतं. ते स्वच्छ निघालं होतं.

त्या अण्णांना म्हणाल्या, "पोपटदादा, विहीर द्या. पोरींचं पोहणं थांबाया नगं."

अण्णा म्हणाले, "कुशाताई, तुमच्या आळीतल्या पोरी येत्याल का आमच्या विहिरीत?"

"आधी म्या उतरते. मग बघू कोण येत न्हाई ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी काठावरून सूर मारला. सगळ्यांत आधी नकुशी आली, कान बरा झाल्यावर, आणि डब्याशिवाय पोहायला ती इथंच शिकली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. महिनाभरात पायऱ्यांवर बसायला जागा उरेना. आत्यांचे नियम कडक होते. हातपाय धुतल्याशिवाय पाण्यात पाय नाही, पोट बिघडलेलीनं घरी थांबायचं, आणि सिस्टर सांगतील तेवढी जंतू मारायची टीसीएल पावडर पडलीच पाहिजे. विहिरीचं पाणी रोज मोटरीनं कांद्याला जायचं आणि झऱ्यानं नवं भरायचं.

पाच वर्षांनी, पावसाळ्यात, दौंडच्या बाजूनं मजुरीच्या बायका घेऊन येणारी होडी काठाजवळ कलंडली. नकुशी तिथं धुणं धूत होती. तिनं उडी घेतली आणि एकामागून एक दोन बायका ओढून काढल्या. बाकीच्यांना होडीवाल्यानं आणि गड्यांनी काढलं. कुणी गेलं नाही. आत्या धावत आल्या, नकुशीचं डोकं पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "चल सिस्टरकडं. नदीचं पाणी पोटात गेलं असंल."

जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, पोरगी पोहायला कुठं शिकली म्हणून. नकुशी धापा टाकतच म्हणाली, "पोपटमामांच्या विहिरीत. आत्यांनी शिकवलं."

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि गर्दीतून वाट काढत पुढं जाऊन आत्यांच्या बाजूला उभे राहिले.