चाकाला तडा कुठं जाणार

मी चाकांचं भविष्य सांगते, अशी वडिलांनी माझी ओळख करून ठेवली होती. उभा जन्म मालगाडी चालवण्यात गेलेला माणूस. लेक सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि रेल्वेच्या चाकावर पीएचडी करते, याचा त्यांना अभिमान होता, पण भरवसा नव्हता. पाहुणा आला की म्हणायचे, तुमची पत्रिका राहू द्या, एखाद्या चाकाची असेल तर दाखवा. मला राग यायचा. मी रागीट आहेच, घरात कुणालाही विचारा.

खरं तर काम साधं होतं. ब्रेकचा ठोकळा चाकावर घासला की चाकाचा रुळावर टेकणारा पट्टा तापतो, फुगू पाहतो. आतलं गार लोखंड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबतो. मग गार होताना आकसतो, ताणला जातो, आणि त्या ताणानं पुढे तडे जातात. ते कुठं जातील, हे संगणकावर आधीच काढायचं. माझे गाइड सर म्हणत, जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथंच, पट्ट्याच्या मधोमध. माझं गणित म्हणत होतं, बाहेरच्या कडेला. गणित चुकलं तर सगळं पहिल्यापासून, असं सरांनी गोड आवाजात बजावलं होतं.

वर्कशॉपमध्ये एक लहान चाक यंत्रावर चढवून आम्ही ते ब्रेक लावून लावून तापवलं, गार केलं, पुन्हा तापवलं. तेवढ्यात दसऱ्याची सुट्टी लागली आणि तपासणी राहिली. सुट्टीनंतर वडील म्हणाले, मीपण येतो. नाही कसं म्हणणार?

तपासणीत चाकावर लाल द्रव लावतात. तडा असेल तर तो आत शिरतो. वरचा पुसून पांढरी पूड फवारली की तड्यातला लाल रंग वर येतो. आम्ही पूड फवारून वाट पाहत उभे राहिलो. लाल आलं. पट्ट्याच्या अगदी मधोमध.

म्हणजे सगळं पहिल्यापासून. सर चष्मा पुसू लागले, त्याचाही मला राग आला. वडिलांकडे बघायची हिंमत होईना. तेव्हा वर्कशॉप सांभाळणारे शिपाई मामा घसा खाकरत पुढे आले.

"म्याडम, ते कुंकू हाय. खंडेनवमीला मीच लावलं हुतं."

वर्कशॉपमधल्या यंत्रांची पूजा दर खंडेनवमीला होते. मामांनी यंदा आमच्या चाकालाही ओल्या कुंकवाची बोटं ओढली होती. नंतर पुसलंही होतं, पण खरखरीत लोखंडात राहिलेलं कुंकू पुडीतून वर आलं. मी आधी ओरडले, मग हसले. मामांचं म्हणणं एवढंच, की सगळ्यांची पूजा करायची आणि ह्या एकट्यालाच कसं वगळायचं?

चाक घासून धुतलं. पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. या वेळी मधला भाग कोरा राहिला. बाहेरच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली, मग तिच्या शेजारी आणखी एक. मी चक्क उडी मारली. धावत्या गाडीत ज्या तड्यानं घात केला असता, त्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवत होतो. सरांनी हार मानून सगळ्यांसाठी भजी मागवली. वडील मात्र वाकून त्या रेघेकडे बघत राहिले. घाट उतरताना चाकांचा जळका वास यायचा, तेव्हा जीव मुठीत धरून बसायचो, एवढंच म्हणाले. घरी हे ते कधीच बोलले नव्हते.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबवली, तर वडील मागे बसून शेजारच्या अनोळखी रिक्षावाल्याला मोठ्यानं सांगत होते, "हिनं सांगितलं हुतं, बराब्बर तितंच चाक तडकलं. माजी लेक हाय."

रिक्षावाल्यानं घाईघाईनं वाकून आमच्या स्कूटरचं चाक पाहिलं.