नकली मिशीचा गोंद
मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी नकली मिशीचा गोंद उघडला आणि त्या वासासरशी सौदीतलं जिझान आठवून शिसारी आली. तिथल्या वाळवंटात एका परदेशी मारधाडपटाचं शूटिंग होतं. मेक्सिकन गुंड म्हणून मरायला आमच्या कंपनीच्या कामगार कॅम्पातले माझ्यासकट दहा कोकणी फिटर निवडले. सोबत आलेला आमचा वेल्डिंग इन्स्पेक्टर खरा मेक्सिकन, पण गोरा. मेकअपवाला त्याला म्हणाला, "तू मेक्सिकन दिसत नाहीस. खलास, बसमध्ये बस." मग आमच्या सावळ्या तोंडांना आणखी काळं फासलं, मिश्या चिकटवल्या. हिरोने गोळ्या झाडल्या, आम्ही किंचाळत पडलो. परत बसमध्ये चढलो तेव्हा त्या इन्स्पेक्टरने तोंड पुसायला रुमाल पुढे केला. मी म्हणालो, "थांब, आधी माझा फोटो काढ." त्याने काढला. आईने तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आणि त्यात मी दात काढून हसतोय.