साताचा पाढा

काल नवऱ्याच्या बोटाला टिंक्चर लावलं आणि त्या वासासरशी छावणी भागातल्या शाळेत मी शिकवत असलेला दुसरीचा वर्ग आठवला. पोरं घसा फोडून साताचा पाढा म्हणत होती. अचानक एका मुलीनं कान गच्च दाबले आणि ती भिंतीवर डोकं आपटू लागली. मी धरायला गेले, तर तिनं माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त फरशीवर ठिबकलं. मग मोजणीच्या चिंचोक्यांचा डबा भिरकावून ती बाकाखाली शिरली. निरोप मिळताच तिचे वडील क्रांती चौकातलं काम टाकून आले, आणि आल्या आल्या त्यांनी कमरेचा पट्टा काढला. "बाई, मी हिची हाडं मोडतो, पण हिला शाळंतून काढू नका!" तिला ओढून त्यांनी पाठीत फटका हाणला. दुसऱ्या फटक्याला मी मधे गेले आणि बक्कल माझ्या खांद्यात रुतलं. वर्ग चिडीचूप झाला. त्या शांततेत ती मुलगी हुंदके देत खाली बसली आणि सांडलेले चिंचोके सात-सातच्या ओळींत मांडू लागली. एकही ओळ चुकली नाही. "हिला येतंय व्हय?" वडिलांनी विचारलं. "सगळं येतंय. गोंगाट तेवढा सोसत नाही तिला," मी म्हणाले.  मग ते पट्टा माझ्या टेबलावर टाकून, एका हातानं पँट सावरत, दुसऱ्यानं पोरीला धरून घरी गेले. पट्टा न्यायला ते परत आले नाहीत. त्या दिवशी मनगटाला आणि खांद्याला टिंक्चर लावलं होतं; खांद्यावरचा व्रण अजून आहे, आणि माझ्या वर्गात आजही कुणी ओरडून पाढे म्हणत नाही.