मावशींच्या गुरुवारची अंबाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, कदाचित म्हणूनच तुमच्याजवळ बसावंसं वाटतंय. मध्येच थांबलो तर थांबू द्या. गोष्ट तशी एका ताटाएवढी आहे, पण तोंडाशी आणताना अजून जड जाते.

मी ढोकीजवळच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. पचनाचा धडा दर वर्षी येतो. फळ्यावर जठर काढतो, आतडी काढतो आणि मुलांना सांगतो, पोट बिघडलं की ते कधीकधी कातडीवर दिसतं. कुणाच्या तोंडावर पुटकुळ्या येतात, कुणाच्या अंगावर पित्त उठतं. मग एखादा पोरगा बाही वर करून पुढं येतो, दंडावर लाल, फुगलेल्या गांधी दाखवतो. मी विचारतो, काल काय खाल्लंस? — आणि विचारताना माझीच मान खाली जाते. का जावी? शिक्षकानं विचारायचा प्रश्नच आहे तो. पण तोच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता, आणि त्याचं मी काय उत्तर दिलं, ते सांगायचं आहे.

मी भूमकडच्या ईट गावचा. आमच्या घरात अंगठा न उठवता सही करणारा मी पहिला. गावची शाळा संपली तेव्हा पुढं शिकायला उस्मानाबादला आलो — आम्ही धाराशिवच म्हणायचो. खोलीत आम्ही चौघं होतो. जेवणाची सोय तिथल्या शाळेच्या गुरुजींनी वार लावून केली होती. आठवड्याचे सात वार, सात घरं. ज्या घराचा वार, त्या घरी त्या दिवशी जेवायचं. आज माझ्या नावापुढं जी पदवी आहे, ती त्या सात घरांनी वाढलेली आहे. हे मी सभेत सांगतो, मुलांना सांगतो. सात घरं म्हणतो. गुरुवारच्या घराजवळ आलो की जरा घाईनं पुढं जातो.

गुरुवार मावशींचा. त्यांचे यजमान कोर्टात कारकून. सारी नोकरी उर्दूत झालेली, आणि आता निजामाचं राज्य गेल्यावर त्या वयात मराठी कागद लिहायला शिकत होते, त्यामुळं सदा वैतागलेले. मूलबाळ नव्हतं. परक्या पोराला जेवू घालायचं यजमानांच्या मनात नव्हतं. मावशींनी हट्टानं वार मागून घेतला होता. मी ओसरीवर पाय धुतले की आतून हाक यायची, “आला का रं? बस, तवा तापलाय.” भाकरी तव्यावरून थेट ताटात. अंबाडीची भाजी त्यांच्यासारखी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही — ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर करडईच्या तेलात लसणाची फोडणी. शेजारपाजारी लग्न निघालं की पुरण शिजवायला मावशींनाच बोलवायचे. त्याचा त्यांना अभिमान होता; दाखवायच्या नाहीत, पण होता.

आता दुसरी गोष्ट. आमच्या भूम भागात घरोघर खवा. आई म्हशीचं दूध आटवून खवा करायची आणि पळसाच्या पानात बांधून, डब्यात घालून मोटारीच्या ड्रायव्हरकडं द्यायची. खवा थापताना तिची बोटं त्यात उठायची. मी डबा उघडला की आधी ती बोटं बघायचो. खोलीतल्या पोरांना मी तो कधी दाखवला नाही. ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायचो आणि कुणी नसताना चिमूट-चिमूट खायचो. एका ठिकाणी तर बोटाचा ठसा तसाच ठेवून कडेकडेनं खात होतो. हसू नका — किंवा हसा. मला घराची इतकी ओढ लागायची की पोटात दुखल्यासारखं व्हायचं.

त्या भादव्यात ऊन फार होतं. खवा आंबला. वास बदलला, चव जिभेला चरचरली, कडेला हिरवट आलं. मी ते खरवडून टाकलं आणि राहिलेला खात राहिलो. टाकवेना. टाकायचं म्हणजे काय टाकायचं होतं, हे तुम्हाला कळेल का?

गुरुवारी मावशींकडं पोटभर जेवलो, खोलीवर आलो आणि वर तो खवा खाल्ला. सकाळी उठलो तो अंग पेटलेलं. पाठ, पोट, मांड्या — सगळीकडं गांधी. एक ओठ सुजलेला. खोलीतला एकजण माझी पाठ बघून म्हणाला, “आरं, निजामाचं संस्थान गेलं म्हणत्यात, ते ह्याच्या पाठीवर हाय की सगळं! हे बघ बिदर, हे गुलबर्गा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि खाजवून रक्त काढलं.

गुरुजींनी मला वैद्यबुवांकडं नेलं. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं. म्हणाले, “पोटात काहीतरी नासकं गेलंय. ते तू सांगायची गरज न्हाय, कातडी सांगतीय. काल काय खाल्लंस, कुठं खाल्लंस, तेवढं बोल.”

गुरुजी शेजारी उभे होते. खव्याचं नाव घेतलं तर काय झालं असतं? ट्रंक उघडली गेली असती. पोरांनी चोरून खाणारा म्हटलं असतं. गुरुजींनी घरी कळवलं असतं आणि आईला कळलं असतं की तिच्या हातच्या खाण्यानं पोरगा आजारी पडला. पुढचा डबा आला नसता. एवढंच. एवढ्यासाठी मी म्हणालो —

“काल मावशींकडची भाजी विटल्यासारखी लागली होती.”

वैद्यबुवांनी मान हलवली. अंबाडी आंबटच, त्यात शिळी असेल, म्हणाले. मुगाचं पाणी, ताक-भात सांगितला. मी खोलीवर गेलो आणि कुणी नाही असं बघून उरलेला खवा उकिरड्यावर टाकला. आठवडा गेला, कातडी निवळली. म्हणजे माझं खोटं खरं ठरलं. गुरुजींनी मावशींचा गुरुवार बंद केला आणि पोराचं पित्त गेलं — याहून आणखी काय पुरावा हवा होता?

पण मधे एक दिवस मावशी खोलीवर आल्या होत्या. हातात आमसुलाच्या पाण्याचा तांब्या. मला पालथं झोपायला लावलं आणि गांधींवर ते पाणी चोळू लागल्या. गार लागत होतं. मग हळूच म्हणाल्या, “लेकरा, खरं सांग. विटली होती का रं भाजी? मीबी तीच खाल्ली, ह्यांनीबी खाल्ली. आमाला तर काय कळलं न्हाय.”

माझं तोंड उशीत होतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. खरं बोलायला याहून सोपी जागा मिळाली असती का?

“व्हय मावशी,” मी म्हणालो. “जरा विटली होती.”

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चोळू लागला. “मग माझीच जीभ गेली म्हणायची,” एवढंच म्हणाल्या. आपल्या जिभेपेक्षा त्यांनी माझ्या पाठीवर विश्वास ठेवला.

वैद्यबुवांकडं बोललेलं एक वेळ भीतीनं निघालेलं असेल. हे दुसरं तसं नव्हतं. हे मी विचार करून बोललो.

गोष्ट गल्लीत पसरली. यजमान म्हणाले, बस झालं परक्यांची पोरं सांभाळणं. पुढच्या लग्नसराईत पुरणाला दुसऱ्या बाईला बोलावलं गेलं. माझा गुरुवार गुरुजींनी दुसऱ्या घरी लावला. तिथं जेवण चांगलं होतं. मी तिथं जेवायचो आणि मावशींच्या तव्याचा आवाज आठवायचा. आजही आठवतो. आईचा खवा पुढं पुष्कळ खाल्ला. त्याची ओढ भागली. ही भागत नाही.

औरंगाबादहून पदवी घेऊन आलो तेव्हा पेढे घेऊन सगळ्या घरी गेलो. मावशींकडं शेवटी. चूल पेटलेली होती, भाकरीचा वास सगळ्या घरात होता. मला वाटलं, बस म्हणतील. त्यांनी बसवलं, आत गेल्या, आणि बशीतून बिस्किटं घेऊन आल्या.

“भिऊ नको हां, दुकानची हायती. माझ्या हातचं न्हाय.”

थट्टेनं नाही, खरोखर मला धीर द्यायला म्हणाल्या. मग माझा हात हातात घेतला, दारातल्या उजेडात उलटसुलट करून बघितला. त्यांचा चेहरा उजळला.

“बघ, कातडी कशी निघालीय, लोण्यावानी. बरं झालं बाबा, मी येळीच हात आवरला. न्हायतर माझ्यापायी तुझं शिक्षण ऱ्हायलं असतं.”

तेव्हा मी कुणाच्या वारावर नव्हतो. गुरुजींचा धाक नव्हता, पोरांची भीती नव्हती. पदवी खिशात होती. मी बिस्किट पाण्यात बुडवून खाल्लं आणि म्हणालो, “होय मावशी, बरं झालं.”

गेल्या मार्गशीर्षात त्या वारल्या. शेजारीण सांगत होती, शेवटपर्यंत त्यांनी परक्या माणसापुढं ताट ठेवलं नाही.

त्या दिवशीची भाजी चांगली होती.